आर्क्टिक मंकीजचं चंद्रावरचं हॉटेल: समीक्षकांनी नेमकं काय ऐकलं?

एका श्रोत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश रॉक बँडचा 'एएम' हा अल्बम ऐकत कॉलेजची वर्षं गेली. त्यानंतरचा 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसीनो' दोनदा लावला आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर बंद केला. परीक्षणं काढून वाचली तर बरीचशी कौतुक करणारी, काही चक्क वैतागलेली. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर शंभरपैकी 76 आणि ओळखीतला जो तो म्हणतो की बँड संपला. समीक्षकांना जे ऐकू येतं ते आम्हाला का ऐकू येत नाही, की मोठं नाव बघून चार तारे देऊन मोकळे होतात?

मोठ्या नावाला तारे देऊन मोकळे होणारे असतात, हे मी नाकारणार नाही. या अल्बमच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. इतक्या लोकप्रिय बँडने इतक्या मोठ्या यशानंतर काढलेल्या अल्बमवर समीक्षकांचं आपसात खरोखर जमलं नाही, आणि ते का जमलं नाही हे तेव्हाची परीक्षणं शेजारी शेजारी ठेवून वाचली की स्पष्ट दिसतं. मी गेली बरीच वर्षं रॉक अल्बमांची परीक्षणं लिहिते. बँडच्या उत्तरार्धातल्या अल्बमांबद्दल माझं एक मत पक्कं होत गेलं आहे: लिहिणारा माणूस ही नवी रेकॉर्ड मनातल्या मनात कुठल्या जुन्या रेकॉर्डच्या पुढे ठेवतो, तिथेच निम्मा निकाल लागून जातो. 'ट्रँक्विलिटी बेस'चं तेच झालं. 'एएम'च्या पुढे ठेवणाऱ्याला तो तुटलेला दुवा वाटला. बँडचा गायक आणि गीतकार ॲलेक्स टर्नर याने बँडबाहेर केलेलं काम ज्यांच्या कानात होतं त्यांना तो अगदी सरळ पुढचं पाऊल वाटला.

आधी 'एएम'चं ओझं किती होतं ते बघू. शेफिल्डच्या हाय ग्रीन भागातल्या या मुलांनी 2002 मध्ये बँड काढला आणि 2006 मध्ये पहिला अल्बम आणला. तो ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात 3 लाख 63 हजारांवर खपला. कुठल्याही बँडच्या पदार्पणासाठी तो तिथला विक्रम होता, आणि उत्तम अल्बमसाठीचा त्याच वर्षीचा मर्क्युरी पुरस्कारही त्यालाच मिळाला. सप्टेंबर 2013 मध्ये आलेला 'एएम' हा पाचवा. 'डू आय वॉना नो'चा तो जड, सावकाश चालणारा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून), त्याच्याखाली हिप-हॉपच्या वळणाचे ड्रम आणि वर टर्नर, ड्रमर हेल्डर्स आणि बासवादक ओ'मॅली यांचे बारीक आवाजातले कोरस. पहिल्या आठ सेकंदांत गाणं ओळखता येतं. गिटार हातात घेतलेल्या कुणालाही तो रिफ तासाभरात बसवता येतो, म्हणून पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतल्या बँडनेही तो वाजवून वाजवून गुळगुळीत केला. 2014 चा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अल्बमचा ब्रिट पुरस्कार त्याला मिळाला. इंग्लंडमधला लाडका बँड 'एएम'नंतर जगाचा बँड झाला.

मग जवळजवळ पाच वर्षं काहीच नाही. 11 मे 2018 रोजी डॉमिनो या रेकॉर्ड कंपनीने 'ट्रँक्विलिटी बेस' आणला, आणि त्याआधी एकही सिंगल, म्हणजे आधी सुटं काढलेलं गाणं, काढला नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सिंगल म्हणजे नुसती जाहिरात नव्हे. अल्बमच्या आधी महिनाभर एक गाणं कानावर पडत राहिलं की नव्या आवाजाची सवय होते आणि बाकीची गाणी त्या खुंटीला टांगून ऐकता येतात. इथे ती खुंटीच नव्हती. श्रोत्यांना नव्हती, तशी समीक्षकांनाही नव्हती. अकरा गाणी, सुमारे 41 मिनिटं, आणि कुठून शिरायचं याची खूण नाही.

त्यात अल्बम पियानोवर लिहिलेला. टर्नरच्या तिसाव्या वाढदिवसाला त्याच्या मॅनेजरने त्याला स्टाइनवेचा उभा पियानो भेट दिला आणि लॉस एंजेलिसच्या घरी, एका खोलीत तो त्यावर चाली बांधत बसला. गिटारवर लिहिणाऱ्याचे हात वर्षानुवर्षं त्याच जागांवर जातात. आधी रिफ सापडतो, शब्द नंतर येतात. पियानोवर तसं होत नाही. तिथे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, सापडते, तिच्यातला एक सूर हलवला की दुसरी कॉर्ड तयार होते, आणि चाल त्या हलणाऱ्या सुरांच्या मागे जाते. या अल्बममध्ये रिफ कमी आणि कॉर्डची वळणं जास्त आहेत, त्याचं हे अगदी साधं, हातांशी जोडलेलं कारण आहे. मुद्दाम अवघड करायचं म्हणून ते केलेलं नाही.

ध्वनिमुद्रणाचीही तशीच गोष्ट. टर्नरकडे घरी टॅस्कॅम 388 होतं. पाव इंची टेपवर आठ ट्रॅक घेणारं, मिक्सर अंगातच असलेलं ऐंशीच्या दशकातलं यंत्र. त्यावर त्याने कच्ची गाणी गायली आणि त्यातलं बरंचसं गायन पुढे पक्क्या अल्बममध्ये तसंच ठेवलं. बाकीचं काम निर्माता जेम्स फोर्डबरोबर लॉस एंजेलिसमध्ये आणि पॅरिसजवळच्या ला फ्रेत या जुन्या हवेलीतल्या स्टुडिओत झालं. हेडफोन लावून ऐकलंत तर आवाज कानाच्या अगदी जवळ येतो, गाण्यापेक्षा बोलण्याच्या अंतरावर. सुरुवातीच्या अल्बमांतला टर्नर गर्दीला ऐकू जावं म्हणून ओरडतो, इथे तो एकट्या माणसाशी बोलतो. कारच्या स्पीकरवर किंवा पार्टीत हा अल्बम मरतो, त्याचं हेही एक कारण.

आता समीक्षकांकडे येऊ, आणि आधी त्या 76 चा हिशेब लावू. मेटाक्रिटिक वेगवेगळ्या परीक्षणांचे तारे आणि गुण शंभरच्या मापात बसवतं आणि त्यांची भारित सरासरी काढतं. पाचपैकी चार तारे म्हणजे 80, तीन म्हणजे 60. मधलं काही नाही, अर्धा तारा देणारी प्रकाशनं सोडली तर. 'एएम'चे 81 होते, याचे 76. हा फरक म्हणजे पंचवीसेक परीक्षणांपैकी सहा जणांनी चाराऐवजी तीन तारे दिले, एवढाच. तेवढ्यावर 'एएम' हा सर्वत्र गौरवलेल्यांच्या कप्प्यात आणि हा साधारण अनुकूल मत मिळालेल्यांच्या कप्प्यात जाऊन पडतो. 76 चा अर्थ सगळ्यांना तो बराच आवडला असा लावला जातो, तो चूक आहे. काहींना तो खूप आवडला आणि काहींना खटकला. सरासरीत ते दोघेही दिसेनासे होतात आणि कुणीच न दिलेलं एक मत उरतं.

वेगळ्या दिशांनी पडलेली मतं बघा. पिचफोर्क या संगीत संकेतस्थळाने दहापैकी 8.1 दिले, म्हणजे गिटारवाल्यांच्या लाडक्या अल्बमांना ते देतात त्या तोडीचे. क्यू मासिकाने तर त्याला 2018 चा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. मर्क्युरीच्या यादीत तो आला, पुरस्कार मात्र वुल्फ ॲलिस या बँडला मिळाला. ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट पर्यायी अल्बमसाठी नामांकन झालं. आणि याच काळात दुसरीकडे लिहिलं जात होतं की हा आर्क्टिक मंकीजच्या नावाखाली टर्नरचा एकट्याचा अल्बम आहे, गाणी सुटी सुटी वाहून जातात, शब्दांची चलाखी फार आणि चाल कमी.

मी म्हणते ती 'आधीची रेकॉर्ड' इथे कामाला येते. 2011 मध्ये टर्नरने एका ब्रिटिश चित्रपटासाठी सहा गाण्यांचं छोटं ईपी केलं होतं, 'सबमरीन'. हलक्या आवाजातलं, एकट्याचं. गायक-गिटारवादक माइल्स केनबरोबरच्या द लास्ट शॅडो पपेट्स या त्याच्या दुसऱ्या बँडचे दोन अल्बम, 2008 चा आणि 2016 चा, दोन्हीत ओवेन पॅलेटची तंतुवाद्यांची रचना, साठच्या दशकातल्या रुबाबदार गायकांची ढब. 2016 चा अल्बम 'ट्रँक्विलिटी बेस'च्या अवघ्या दोन वर्षं आधीचा. तो ज्यांनी मन लावून ऐकला होता, त्यांना चंद्रावरच्या हॉटेलात बसून गाणारा हा ढिला सूट घातलेला गायक ओळखीचाच वाटला. ज्यांनी त्याला बाजूचा उद्योग म्हणून सोडून दिलं होतं, त्यांच्यासाठी तो माणूस 'एएम'मधून अचानक गायब होऊन वेगळाच उगवला. मला दुसऱ्या गटाची परीक्षणं आजही थोडी अन्यायकारक वाटतात. एखाद्या लेखकाचं पाच वर्षांचं लेखन न वाचता त्याच्या नव्या पुस्तकावर 'हा बदलला' म्हणण्यात काय अर्थ आहे?

आता एक गाणं अगदी जवळून बघू. 'वन पॉइंट पर्स्पेक्टिव्ह'. पियानो एकाच कॉर्डवर टकटक करत राहतो, लहान मूल पेटीवर एकच पट्टी दाबत बसतं तसा. टर्नर त्यावर नुसत्या चड्डीवर नाचण्याबद्दल, निवडणूक लढवण्याच्या बेताबद्दल बोलू लागतो. वाक्य पुढे जातं, आणखी पुढे जातं, आणि कडव्याच्या शेवटी तो म्हणतो की थांब, काय सांगत होतो ते विसरलो. त्या ठिकाणी शब्द थांबतात आणि गिटार बोलू लागते. पहिल्यांदा ऐकताना हा गाण्यातला विस्कळीतपणा वाटतो. चौथ्या-पाचव्यांदा कळतं की विसरणं हेच या गाण्याचं ध्रुवपद आहे. जिथे कोरस यायला हवा तिथे माणसाचा विचार तुटतो, आणि त्या रिकाम्या जागेत सोलो बसवला आहे. गिटार गेली म्हणणाऱ्यांनी हा सोलो पुन्हा ऐकावा. गिटार गेलेली नाही, तिची जागा बदलली आहे.

दुसरं, तुमच्या प्रश्नाशी थेट नातं असलेलं गाणं म्हणजे 'फोर आउट ऑफ फाइव्ह'. अपोलो 11 जिथे उतरलं त्या जागी आता हॉटेल आहे, त्याच्या छतावर टाको विकणारं एक ठिकाण उघडलंय, आणि त्याला परीक्षणांत पाचपैकी चार तारे मिळालेत. गायक ते एखाद्या मोठ्या विजयासारखं सांगतो. त्या दुकानाचं नावही विचार करून ठेवलेलं आहे: इन्फर्मेशन-ॲक्शन रेशो. ही नील पोस्टमनच्या 1985 च्या पुस्तकातली कल्पना. आपल्यापर्यंत माहिती किती येते आणि तिच्यावर आपण प्रत्यक्षात काय करू शकतो, यांचं प्रमाण. चालीकडे लक्ष द्या. गाणं जवळजवळ संपलं असं वाटतं तिथून ते पट्टी बदलत वर चढायला लागतं, तीच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या स्वरावरून. हॉटेलची जाहिरात जोर धरत जाते तशी. ज्या समीक्षकांनी या गाण्याचं फक्त 'विनोदी' म्हणून कौतुक केलं, त्यांनी त्याची निम्मीच तारीफ केली असं माझं मत आहे. शेवटच्या मिनिटातलं ते चढत जाणं या बँडच्या सगळ्या कामगिरीतल्या उत्तम बांधणीच्या जागांपैकी एक आहे.

तक्रार करणाऱ्यांचंही एका बाबतीत बरोबर होतं, आणि ते मी आजही म्हणते. 'फोर आउट ऑफ फाइव्ह'नंतर अल्बम ढिला पडतो. 'सायन्स फिक्शन' आणि 'बॅटफोन' यांचा वेग, आवाजाची पातळी आणि बोलण्याची लय इतकी सारखी आहे की त्यातलं कुठलं ऐकतोय ते कळत नाही. 'शी लुक्स लाइक फन' मध्येच जोर आणतं, पण तो जोर थोडा चिकटवलेला वाटतो. आणि मॅट हेल्डर्स! त्या पिढीतला इतका ताकदीचा ड्रमर, आणि त्याला बऱ्याच गाण्यांत केवळ ताल धरून बसवलंय. 'एकट्याचा अल्बम' ही टीका श्रेयनामावली बघितली तर निराधार नाही. पियानो, ऑर्गन, सिंथ, बास, बरंचसं टर्नरनेच वाजवलं आहे. हा बँडचा अल्बम व्हावा की नाही याबद्दल तो स्वतःही सुरुवातीला साशंक होता, आणि कच्ची गाणी ऐकून बँडचा गिटारवादक जेमी कुक पुढे आला म्हणून गाडी बँडकडे वळली. शेवटचं 'द अल्ट्राचीज' मात्र अल्बम सावरतं. पियानोवरचं ते संथ, झुलतं गाणं, जुन्या मित्रांची आठवण काढणारं, कुठल्याही कल्पनेच्या आडोशाला न लपणारं. ज्याला अल्बम जमत नाही त्याने तिथून सुरुवात करून पाहावी.

आता तुमचा खरा प्रश्न, समीक्षकांना वेगळं का ऐकू येतं. याची कारणं कामाच्या पद्धतीत आहेत आणि ती दोन्ही बाजूंनी कापतात.

मोठ्या बँडचा अल्बम बाजारात यायच्या आधी फुटू नये म्हणून परीक्षणासाठी तो फार मोजक्या प्रकारे दिला जातो. कधी कंपनीच्या कचेरीत बसून एकदा-दोनदा ऐकायचा, कधी नावाची खूण टाकलेली फाइल किंवा दुवा मिळतो, आणि ठरलेल्या तारखेआधी छापायचं नाही अशी अट. म्हणजे सगळ्यांचा मजकूर एकाच वेळी, बऱ्याचदा थोड्याच ऐकण्यांवर, प्रकाशित होतो. हळूहळू उलगडणाऱ्या अल्बमचं यात नुकसान होतं. पण ज्याच्या हातात फाइल आहे त्याला लेख द्यायचाच असतो, म्हणून त्याला न आवडलेला अल्बमही आठवड्यात आठ-दहा वेळा ऐकावा लागतो. तुम्ही दोनदा अर्ध्यावर बंद केलात. समीक्षकाला ती मुभा नसते. या अल्बमला दहाव्या ऐकण्याचा फायदा मिळतो, आणि तो सक्तीने ऐकणाऱ्यांनाच आधी मिळाला. समीक्षक आणि श्रोते यांच्यातली बरीचशी दरी मला एवढ्यातूनच समजते.

दुसरं कारण तितकं चांगलं नाही. वर्षभर रिफवाले अल्बम ऐकणाऱ्या माणसाला काहीही वेगळं आलं की बरं वाटतं. 'एएम'सारखा दुसरा अल्बम आला असता तर तो कदाचित याहून जास्त आवडीने ऐकला गेला असता आणि परीक्षणांत त्याला 'पुनरावृत्ती' म्हटलं गेलं असतं. नवेपणाला गुण देण्याची ही खोड आमच्या धंद्यात आहे. परीक्षण वाचताना एवढं बघा: लिहिणारा 'धाडसी', 'अनपेक्षित' असे शब्द वापरून थांबतो, की कुठल्या गाण्यात काय होतं ते सांगतो? पहिल्या प्रकारचं कौतुक फार टिकत नाही. या अल्बमवरही तसलं कौतुक भरपूर झालं आणि ते मला तक्रारीच्या परीक्षणांपेक्षा कमी उपयोगाचं वाटतं.

असं आधीही घडलेलं आहे. रेडिओहेडचा 'किड ए' 2000 मध्ये सिंगलशिवाय आला तेव्हा पिचफोर्कने त्याला दहापैकी दहा दिले आणि ब्रिटनच्या मेलडी मेकर या संगीत साप्ताहिकाने पाचपैकी दीड. आज त्या दीड ताऱ्यांवर लोक तोंडसुख घेतात. मला मात्र ते परीक्षण अप्रामाणिक वाटत नाही. आदल्या अल्बमवर जीव लावलेल्या माणसाने ते लिहिलं असावं.

स्वतः आर्क्टिक मंकीजच्याही बाबतीत हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. 2009 चा 'हम्बग' त्यांनी बराचसा क्वीन्स ऑफ द स्टोन एज या अमेरिकन बँडच्या जॉश होमीबरोबर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात केला, केस वाढवले, वेग उतरवला, आणि तेव्हाही मतं अशीच विभागली. त्याचे गुण 'ट्रँक्विलिटी बेस'च्या आसपासच आहेत. त्या वेळी त्याला वाट चुकलेला अल्बम म्हणणाऱ्यांना चार वर्षांनी 'एएम'मधलं जडपण आणि अंधार कुठून आला ते दिसलं. 'हम्बग' नसता तर 'डू आय वॉना नो' त्या वेगाने चाललं नसतं. मधल्या अल्बमचं मोल बऱ्याचदा पुढच्या अल्बमने ठरतं, आणि पहिल्या आठवड्यात लिहिणाऱ्याकडे तो पुढचा अल्बम नसतो.

'ट्रँक्विलिटी बेस'च्या नशिबी तो पुढचा अल्बम 21 ऑक्टोबर 2022 ला आला, 'द कार'. सफोकच्या एका जुन्या मठात त्याचं बरंचसं काम झालं, मुखपृष्ठावर हेल्डर्सने काढलेला वाहनतळाच्या छतावर एकट्याच उभ्या असलेल्या गाडीचा फोटो. चंद्र गेला, विनोद बराच कमी झाला, तंतुवाद्यं वाढली. परीक्षणं वाचताना मला ताबडतोब जाणवलं की मोजपट्टी बदलली आहे. आता कुणी 'रिफ कुठे आहे' असं विचारत नव्हतं. 'द कार'ची तुलना जवळजवळ सगळीकडे 'ट्रँक्विलिटी बेस'शी झाली आणि त्याला मेटाक्रिटिकवर 82 मिळाले, म्हणजे 'एएम'हून एक जास्त. माझ्या कानाला 'द कार' जास्त सुबक आहे, त्यातल्या 'बॉडी पेंट' या गाण्याच्या शेवटी बँड ज्या तऱ्हेने उसळतो ते विलक्षण आहे, तरी सहा गुणांनी चांगला तो नाही. त्या सहा गुणांतले काही चार वर्षांपूर्वी 'ट्रँक्विलिटी बेस'ने किंमत मोजून मिळवून ठेवले होते. धक्का एकाने सोसला, सवय झालेल्या कानांचा फायदा दुसऱ्याला मिळाला.

विक्रीचंही पाहा, कारण 'बँड संपला' म्हणणारे त्याचाच आधार घेतात. 'एएम' ब्रिटनमध्ये पहिल्या आठवड्यात सुमारे 1 लाख 57 हजार खपला, 'ट्रँक्विलिटी बेस' सुमारे 86 हजार, तेही स्ट्रीमिंग मोजायला लागल्यानंतरच्या काळात. घट खरी आहे. पण तो तिथे पहिल्या क्रमांकावरच आला, सलग सहाव्यांदा, आणि त्या 86 हजारांत साडेचोवीस हजारांच्या आसपास विनाइल, म्हणजे तबकड्या, होते. पंचवीस वर्षांत कुठल्याही विनाइलची इतकी वेगाने विक्री झाली नव्हती. म्हणजे ज्यांनी तो घेतला त्यांनी तो घरी बसून, बाजू उलटवून ऐकण्यासाठी घेतला. अल्बमचा स्वभाव ओळखून केलेली खरेदी म्हणायची ती. 'द कार' दुसऱ्या क्रमांकावर थांबला, कारण त्याच दिवशी टेलर स्विफ्टचा 'मिडनाइट्स' आला होता.

तुमच्यासारख्या श्रोत्यांची एक अडचण समीक्षकांना नसते, तीही सांगते. 'आय वॉना बी युअर्स' हे 'एएम'चं शेवटचं गाणं अलीकडच्या वर्षांत मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमधून नव्याने पसरलं आणि अब्जावधी वेळा ऐकलं गेलं. त्यामुळे आज बँडकडे येणारा बहुतेक जण आधी 'एएम'मध्येच शिरतो आणि मग पुढे जातो. त्याच्या कानात 2006 ची धावपळ नाही, 'हम्बग' नाही, 'सबमरीन' नाही. पाचवा अल्बम पहिला होऊन बसतो आणि सहावा त्याच्याशी फारकत घेतलेला वाटतो. तुम्ही वेडे नाही आणि तुमचे कानही कच्चे नाहीत. तुमच्या हातात आलेला क्रम तसा आहे, इतकंच.

म्हणून क्रम बदला. 'एएम' काही दिवस बाजूला ठेवा. आधी 'सबमरीन'मधली सहा गाणी ऐका, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. मग द लास्ट शॅडो पपेट्सचा 2016 चा अल्बम. मग 'द अल्ट्राचीज' एकटंच, नंतर 'फोर आउट ऑफ फाइव्ह' आणि 'वन पॉइंट पर्स्पेक्टिव्ह', हेडफोनवर, दुसरं काही न करता. त्यानंतरही नाही आवडला तर खुशाल सोडा, 'सायन्स फिक्शन' मलाही फारसं आवडत नाही. आणि परीक्षणं वाचायचीच असतील तर तारे झाकून वाचा, लेखात आधीच्या कुठल्या रेकॉर्डचं नाव सगळ्यात जास्त वेळा येतं ते मोजा. लिहिणारा कुठे उभा राहून ऐकतोय ते त्यावरून लगेच कळतं.

एवढं करायला वेळ नसेल तर एकच गोष्ट ऐका. 7 जून 2018 रोजी, म्हणजे अल्बम येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी वाजवलं. ते ध्वनिमुद्रण डिसेंबर 2020 मध्ये वॉर चाइल्ड या संस्थेच्या मदतीसाठी प्रसिद्ध झालं. वीस गाणी, त्यातली पाच 'ट्रँक्विलिटी बेस'ची, आणि कार्यक्रम सुरूच होतो 'फोर आउट ऑफ फाइव्ह'ने. ड्रम पुढे आलेले आहेत, हेल्डर्सला हात मोकळे मिळाले आहेत, अल्बममधली माझी मोठी तक्रार तिथे बरीचशी मिटते. त्यात '505' संपल्यावर लगेच 'वन पॉइंट पर्स्पेक्टिव्ह' येतं. '505' तुमचं आवडतं असणारच. ऑर्गनच्या दोन कॉर्डवर उभं राहिलेलं, रिफ नसलेलं, 2007 मधलं गाणं. ती दोन एकामागून एक ऐका, मधे थांबू नका.